प्रोजेक्ट विकत मिळतो, प्रश्न नाही

आठवतंय का, मे २०२४ च्या शेवटी नागपूरचा एक आकडा देशभर व्हायरल झाला होता? ५६ अंश सेल्सिअस! हवामान खात्याच्या रामदासपेठ भागातल्या स्वयंचलित केंद्रानं ३० मे रोजी ही नोंद दाखवली. सोनेगावच्या केंद्रावर ५४. मग काय, मीम्स, रील्स, ‘नागपूरकरांनो, जिवंत आहात का?’ असे मेसेज. आकडा आला आणि आपण तो फॉरवर्ड केला.

त्याच दिवशी शहरातली आणि आसपासची दुसरी केंद्रं मात्र वेगळंच सांगत होती. वर्धा रोडवर खापरीला कापूस संशोधन संस्थेच्या शेतातलं केंद्र आणि रामटेकचं केंद्र, दोन्हीकडे पारा ४४ च्या आसपास होता. आणखी एक गोष्ट. भारतातला आजवरचा अधिकृत उच्चांक आहे राजस्थानातल्या फलोदीचा, ५१ अंश, मे २०१६ मधला. जगाचा उच्चांक अमेरिकेतल्या डेथ व्हॅलीचा, ५६.७ अंश, १९१३ मधला. म्हणजे रामदासपेठ जागतिक विक्रमाच्या उंबरठ्यावर आणि रामटेक नेहमीसारखं? पुढे हवामान खात्यानंच स्पष्ट केलं, की सेन्सरमध्ये गडबड होती.

हा आकडा संशयास्पद आहे, हे कळायला पीएचडी लागत नव्हती. तीन प्रश्न पुरेसे होते. कुठे मोजलं? कशानं मोजलं? शेजारच्या केंद्रावर किती होतं? संशोधनाची सुरुवात इथूनच होते. आणि अकरावी-बारावीच्या दोन वर्षांत आपल्याला बाकी सगळं शिकवतात, हे तीन प्रश्न विचारायला मात्र जवळपास कुणीच शिकवत नाही.

‘टॉपिक काय घेऊ?’

तसा प्रोजेक्ट आपल्याला नवीन नाही. ज्युनिअर कॉलेजला पर्यावरण शिक्षण आणि जलसुरक्षा हा विषय सगळ्यांना सक्तीचा. सायन्स असो, कॉमर्स की आर्ट्स, त्यात प्रोजेक्ट आलाच. तो कसा होतो, हेही सगळ्यांना ठाऊक आहे. सबमिशनच्या चार दिवस आधी ग्रुपवर मेसेज पडतो, ‘भाऊ, टॉपिक काय घेऊ?’ उत्तर येतं, ‘जलप्रदूषण घे ना बे, तयार आहे माझ्याकडे.’ मग झेरॉक्सवाल्याकडून छापील प्रोजेक्ट, नाहीतर सीनियरची फाइल, नाहीतर आता चॅटजीपीटी. प्रस्तावना, उद्दिष्टे, महत्त्व, निष्कर्ष, आभार. स्पायरल बाइंडिंग. सही. संपलं.

दोष फक्त पोरांचा नाही. सकाळी सातला क्लास, दुपारी टेस्ट सिरीज, रात्री डाउट सेशन. नीट, जेईई आणि सीईटी यांत प्रोजेक्टला एकही मार्क नाही. ज्या गोष्टीला मार्क नाहीत तिला वेळ कुठून येणार? शिक्षकांकडेही एकेका वर्गाच्या ढीगभर फायली तपासायला येतात. तिकडूनही ‘वेळेत जमा करा’ एवढीच अपेक्षा असते.

गोष्ट इथेच संपली असती तर ठीक होतं. पण आता एक मोठा बदल झालाय.

चौथं वर्ष येतंय

नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवी चार वर्षांची होते आहे. महाराष्ट्रात स्वायत्त कॉलेजांत २०२३-२४ पासून आणि विद्यापीठांशी संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून हे लागू झालं. यूजीसीच्या आराखड्यात चौथ्या वर्षी ‘ऑनर्स विथ रिसर्च’ असा एक मार्ग आहे. पहिल्या सहा सेमिस्टरमध्ये ७५ टक्के किंवा त्याहून जास्त गुण असतील, तर तो घेता येतो. त्यात १२ क्रेडिटचा संशोधन प्रकल्प करायचा असतो. आणि यूजीसीच्या २०२२ च्या पीएचडी नियमांनुसार ७५ टक्क्यांसह चार वर्षांची पदवी झाली, की एमए-एमएस्सी न करताही पीएचडीच्या प्रवेशासाठी पात्र ठरता येतं.

म्हणजे हिशेब सोपा आहे. एकविसाव्या-बाविसाव्या वर्षी तुमच्यासमोर थेट पीएचडीचं दार उघडणार. आणि तोपर्यंत केलेला एकमेव प्रोजेक्ट सीनियरच्या फाइलमधून उतरवलेला असणार! सहा सेमिस्टर ७५ टक्के मिळवणं ही एक कला आहे. स्वतःचा प्रश्न शोधून वर्षभर त्याच्यामागे लागणं ही अगदी वेगळी. पहिली आपल्याला चांगली जमते. दुसरीची प्रॅक्टिस कुठे झाली?

तिकडे काय करतात?

ब्रिटनमध्ये आपल्या अकरावी-बारावीला ‘सिक्स्थ फॉर्म’ म्हणतात. तिथली मुलं ए-लेव्हलची परीक्षा देतात आणि त्यावर विद्यापीठाचा प्रवेश ठरतो. ताण तिथेही आहेच. पण २००८ पासून तिथे ‘एक्स्टेंडेड प्रोजेक्ट क्वालिफिकेशन’, थोडक्यात ईपीक्यू, नावाचा प्रकार आहे. विषय विद्यार्थ्यानं स्वतः निवडायचा. इतिहास, फिजिक्स, फॅशन, क्रिकेट, काहीही. सुमारे १२० तासांचं काम. शेवटी साधारण ५००० शब्दांचा अहवाल, किंवा एखादी तयार केलेली वस्तू आणि तिच्यासोबत छोटा अहवाल. मग सादरीकरण आणि प्रश्नोत्तरं. याला अर्ध्या ए-लेव्हलचं वजन मिळतं. चांगला ग्रेड असेल तर काही विद्यापीठं प्रवेशाची अट थोडी सैलही करतात.

मला त्यातली सगळ्यात भारी वाटलेली गोष्ट म्हणजे मार्कांची वाटणी. एक्यूए या तिथल्या परीक्षा मंडळाच्या ईपीक्यूमध्ये २० टक्के गुण नियोजनाला, २० टक्के माहिती कुठून आणि कशी मिळवली याला, ४० टक्के प्रत्यक्ष कामाला आणि २० टक्के मागे वळून पाहण्याला. काय ठरवलं होतं, काय फसलं, काय बदललं, का बदललं? याची नोंद ठेवणारी एक वही, म्हणजे ‘प्रॉडक्शन लॉग’, सोबत द्यावीच लागते. फसलेला प्रयोग लपवायचा नाही. तो लिहायचा आणि त्याचे मार्क घ्यायचे.

झेरॉक्सच्या फाइलला इथे जागाच उरत नाही. फाइल विकत मिळेल, पण मंगळवारी थर्मामीटर कसा फुटला आणि मग तुम्ही काय केलं, हे कुठल्या दुकानात मिळणार?

आपल्याकडेही आहे की!

‘फॉरेनचं सोडा, आपल्याकडे काय?’ असं वाटत असेल, तर आपल्याकडेही रस्ता आहे, आणि जुना आहे. १९९३ पासून केंद्र सरकारच्या राष्ट्रीय विज्ञान व तंत्रज्ञान संचार परिषदेच्या पुढाकारानं राष्ट्रीय बालविज्ञान परिषद भरते. १० ते १७ वयाची मुलं त्यात भाग घेऊ शकतात, म्हणजे अकरावी-बारावीवालेही. एका मुख्य विषयाभोवती आपल्या परिसरातली एखादी समस्या निवडायची, प्रत्यक्ष फिरून माहिती गोळा करायची आणि प्रकल्प मांडायचा. आधी जिल्हा, मग राज्य, मग देश. मुलांनी आपल्या भाषेत काम मांडावं अशीच यामागची कल्पना आहे. इंग्रजी फाडफाड येत नाही म्हणून कुणी मागे राहायला नको.

बारावीनंतर बेसिक सायन्सला जाणाऱ्यांसाठी ‘इन्स्पायर’ शिष्यवृत्ती आहे. बोर्डात वरच्या एक टक्क्यात आलेल्या आणि बीएस्सी किंवा तत्सम शुद्ध विज्ञानाच्या पदवीला गेलेल्या विद्यार्थ्यांना वर्षाला ८०,००० रुपये. त्यातले २०,००० खास उन्हाळी संशोधन प्रकल्पासाठी असतात. म्हणजे सरकारनं यात ‘सुट्टीत संशोधन’ या गोष्टीसाठी चक्क वेगळे पैसे ठेवलेत.

आणि वयाचं म्हणाल, तर ब्रिटनमधल्या डेव्हन परगण्यातल्या ब्लॅकॉटन गावच्या शाळेची गोष्ट वाचाच. तिथल्या ८ ते १० वर्षांच्या २५ मुलांनी मधमाश्यांच्या जातभाई असलेल्या बंबलबीवर प्रयोग केला. फूल निवडताना ती फक्त रंग बघते, की रंगांची मांडणीही लक्षात ठेवते? ब्यू लोटो नावाचे मेंदूशास्त्रज्ञ त्यांच्यासोबत होते, पण प्रश्न आणि खेळ मुलांचे होते. डिसेंबर २०१० मध्ये रॉयल सोसायटीच्या ‘बायॉलॉजी लेटर्स’ या नियतकालिकात तो शोधनिबंध छापून आला. आकृत्या रंगीत पेन्सिलींनी काढलेल्या आणि शेवटी संदर्भसूची नाही! कारण मुलांनी आधी कुठलेच निबंध वाचले नव्हते. त्यांनी माश्या बघितल्या होत्या.

सावधान, इथेही बाजार आहे

याच गोष्टीची दुसरी बाजूही सांगायला हवी. परदेशी विद्यापीठांच्या अर्जात ‘रिसर्च’ उठून दिसतो, हे कळल्यावर त्याचाही धंदा सुरू झालाय. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या ‘प्रोपब्लिका’ या शोधपत्रकारिता संस्थेनं यावर मोठी बातमी केली होती. पालक हजारो डॉलर मोजतात, कंपनी मार्गदर्शक पुरवते आणि शाळकरी मुलाच्या नावावर ‘पेपर’ तयार होतो. आपल्याकडेही पैसे भरा आणि आठवड्यात छापून घ्या म्हणणाऱ्या जर्नलच्या जाहिराती इन्स्टावर फिरतातच.

झेरॉक्सवाल्याचा प्रोजेक्ट पन्नास-शंभर रुपयांचा, हा लाखांचा. फरक किमतीचा, बाकी तेच. उलट हा जास्त धोकादायक, कारण त्यामुळे संशोधन म्हणजे श्रीमंतांच्या पोरांचा छंद असं चित्र उभं राहतं. खरं तर पहिला प्रोजेक्ट करायला एक वही, एक पेन आणि रोज दहा मिनिटं पुरतात. पटत नसेल तर पुढचं उदाहरण बघा.

गच्चीचा प्रयोग

समजा, तुम्हाला प्रश्न पडला, ‘नागपूर एवढं का तापतं?’ प्रश्न झकास, पण एका विद्यार्थ्याला झेपणारा नाही. तो छोटा करायचा. ‘आमचं घर रात्री का तापलेलं असतं?’ अजून छोटा. ‘गच्चीखालच्या खोलीत आणि तळमजल्याच्या खोलीत रात्री ९ वाजता किती अंशांचा फरक असतो?’ आता जमलं. आणखी पुढे जायचं तर, ‘गच्चीला पांढरा चुना मारला तर तो फरक किती कमी होतो?’ हा प्रश्न नुसता टाइमपास नाही. मे २०१० च्या उष्णतेच्या लाटेनंतर अहमदाबादनं २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा केला, आणि पुढे तिथे गरीब वस्त्यांतली छपरं पांढरी करण्यावर भर दिला गेला. टिनाच्या छपराखाली राहणाऱ्यांसाठी दोन-तीन अंशांचा फरक म्हणजे रात्रीची झोप असते.

आता पद्धत. एकसारखे दोन थर्मामीटर घ्या. पण लगेच दोन खोल्यांत ठेवू नका. आधी एक दिवस दोन्ही एकाच जागी शेजारी शेजारी ठेवा. एक ३६ दाखवतोय आणि दुसरा ३७, तर तो एक अंश लिहून ठेवा आणि पुढे हिशेबात धरा. ५६ अंशांच्या गोंधळातून घ्यायचा धडा हाच, की यंत्रावर विश्वास ठेवण्याआधी यंत्रालाच तपासायचं.

मग ३० दिवस, रोज रात्री ९ वाजता, दोन नोंदी. थर्मामीटर भिंतीला चिकटवून नाही आणि खिडकीतही नाही, रोज त्याच जागी. शेजारी एक रकाना: कूलर चालू होता का? नागपुरात हा रकाना विसरलात, तर सगळा डेटा पाण्यात, अक्षरशः कूलरच्या पाण्यात! अजून एक रकाना: आज ढग होते का, पाऊस आला का? आणि ज्या दिवशी लग्नाला गेलात आणि नोंद राहिली, तो दिवस कोरा सोडा. अंदाजानं भरू नका. तीस नोंदींत चार कोऱ्या जागा असलेला तक्ता तीसच्या तीस भरलेल्या खोट्या तक्त्यापेक्षा कधीही वजनदार.

शेवटी निष्कर्ष. ‘पांढऱ्या गच्चीमुळे नागपूर थंड होईल’ असं लिहायचं नाही. तुम्ही एकच घर मोजलंय. ‘आमच्या घरात, मे महिन्यात, कूलर बंद असताना एवढा फरक दिसला’ एवढंच लिहायचं. आणि पुढचा प्रश्न लिहायचा: टिनाच्या घरात काय होईल? शेजारच्या वस्तीतल्या मैत्रिणीनं तिच्या घरी मोजलं, तर तुमचा प्रोजेक्ट दुप्पट मोठा झाला.

सायन्सवाल्यांनाच नाही

आर्ट्स आणि कॉमर्सवाल्यांनो, तुमच्यासाठी तर हे शहर खजिना आहे. इतवारीतल्या एका गल्लीतल्या दुकानांच्या पाट्या मोजा. किती मराठी, किती हिंदी, किती इंग्रजी, आणि जुन्या-नव्या पाट्यांत फरक दिसतो का? तान्ह्या पोळ्याच्या दिवशी निघणाऱ्या मारबतींचे बडगे दरवर्षी कुणाच्या नावानं काढले, हे जुन्या पेपरांतून शोधा. शहराला कशाचा राग येत होता, त्याचा इतिहासच हाती लागेल. एम्प्रेस मिल १८७७ मध्ये जमशेदजी टाटांनी सुरू केली. तिथे काम केलेल्या कुटुंबातल्या आजी-आजोबांच्या आठवणी कुणी रेकॉर्ड केल्यात का? तुमच्या घरासमोरच्या भाजीवाल्याला रोख किती येतात आणि यूपीआयनं किती, हा कॉमर्सचा प्रश्न तुम्ही आठवडाभरात सोडवू शकता.

फक्त लोकांशी बोलताना एक पथ्य पाळा. कशासाठी विचारतोय ते आधी सांगा, परवानगी घ्या आणि नाव छापायचं नसेल तर छापू नका. नाग नदी, फुटाळा किंवा अंबाझरीवर काम करत असाल तर एकट्यानं पाण्याजवळ जाऊ नका. घरच्यांना किंवा शिक्षकांना सांगून, दोघं-तिघं मिळून जा.

मदत कुठे?

संशोधन संस्थांच्या बाबतीत नागपूर खूप नशीबवान आहे. १९५८ मध्ये सुरू झालेली आणि आज ‘नीरी’ म्हणून ओळखली जाणारी पर्यावरण संशोधन संस्था इथे. कापूस संशोधन संस्था इथे, लिंबूवर्गीय फळांची संशोधन संस्था इथे, देशाच्या मातीचा नकाशा करणाऱ्या मृदा सर्वेक्षण ब्युरोचं मुख्यालयही इथेच, अमरावती रोडला. आपण तिथून रोज बसनं जातो आणि आत काय चालतं याची कल्पना नसते. गांधीसागर तलावासमोरचं रमण विज्ञान केंद्र १९९२ पासून आहे. शाळेच्या सहलीनंतर पुन्हा कोण गेलंय?

एखाद्या शास्त्रज्ञांना किंवा प्राध्यापकांना मेल करायचा असेल तर ‘सर, मला रिसर्च करायचा आहे, प्लीज गाइड करा’ असा करू नका. त्याला उत्तर देणं कुणालाही अवघड. आधी पंधरा दिवस स्वतः काम करा. मग चार ओळी लिहा: माझा प्रश्न हा, आतापर्यंत मी हे केलं, इथे अडलोय, आणि माझी एकच शंका आहे. अशा मेलला उत्तर येण्याची शक्यता कितीतरी जास्त.

वाचायला ‘शोधगंगा’ आहे. देशभरातल्या विद्यापीठांचे पीएचडी प्रबंध तिथे फुकट. नागपूर जिल्ह्याचं १९०८ चं गॅझेटिअर आहे. त्यात शंभर वर्षांपूर्वीचं हवामान, पिकं, बाजार सगळं सापडतं. महापालिकेकडून माहिती हवी असेल तर माहिती अधिकार आहे. १० रुपये फी, ३० दिवसांत उत्तर द्यायचं बंधन. चॅटजीपीटीलाही विचारा, पण त्यानं दिलेला प्रत्येक आकडा आणि प्रत्येक संदर्भ उघडून बघा. तेच तीन प्रश्न: कुठे, कशानं, आणि शेजारच्या केंद्रावर किती?

वेळ कधी?

प्रामाणिक उत्तर असं, की बारावीच्या जानेवारीत अजिबात नाही. पण दहावीनंतरचे रिकामे दोन-अडीच महिने, अकरावीची दिवाळी आणि पदवीच्या पहिल्या वर्षाची उन्हाळी सुट्टी, एवढ्यात एक छोटा प्रोजेक्ट निवांत बसतो. पर्यावरणाची फाइल तर तशीही द्यायचीच आहे. ती स्वतःच्या नोंदींची दिली तर जास्तीचे कष्ट रोज दहा मिनिटांचे. पहिल्या-दुसऱ्या वर्षाला असाल तर चौथ्या वर्षाची वाट बघू नका. तेव्हा गाइड पहिल्याच दिवशी विचारणार, ‘तुझा प्रश्न काय?’ आणि त्या वेळी ग्रुपवर ‘भाऊ, टॉपिक काय घेऊ?’ टाकून भागणार नाही.

आज रात्री ९ वाजता वहीत पहिली नोंद करा. तारीख, वेळ, आकडा. आणि हो, कूलर चालू होता की बंद, तेही.